धुऱ्यावर तणनाशक मारताय? या चुका टाळा

सोयाबीन वीतभर झालं की आमच्याकडे पहिला पंप चालतो तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. आठवड्यात धुरा पिवळा पडतो, पंधरवड्यात तांबूस. माणूस खूश! पोळ्याच्या सुमारास त्याच धुऱ्यावर जाऊन बघा. आधी तिथं तरोटा होता, कुर्डू होता, पवन्या-मारवेल गवत होतं, बोरीच्या आधारानं चढलेला करटुल्याचा एखादा वेल होता. आता काय आहे? गाजरगवत, लव्हाळा आणि केना.

इथेच पहिली आणि सगळ्यात महागडी चूक होते: धुरा साफ झाला असं समजणं. ग्लायफोसेट हे तणनाशक हिरव्या पानातून आत जातं. मातीत पडलं की मातीलाच चिकटून बसतं, जमिनीतल्या बियांना त्याचा धक्का लागत नाही. गाजरगवताच्या एका झाडाला हजारो बिया धरतात, त्यामुळे उघडी पडलेली, ऊन खाणारी जागा सगळ्यात आधी तेच पकडतं. लव्हाळ्याचं पान जळतं, पण खालच्या गाठींची माळ एका फवाऱ्यात मरत नाही. केना तर ग्लायफोसेटला मुळातच दाद देत नाही आणि जमिनीखालीसुद्धा फुलं धरून बी करतो. म्हणजे दरवर्षी सरसकट फवारून आपण नको त्या तिघांनाच जागा करून देतो. शिवाय मारवेल-पवन्याच्या मुळांनी धरून ठेवलेला धुरा दोन-तीन पावसाळ्यांत ढासळायला लागतो. मग जेसीबी बोलवा.

त्यापेक्षा धुरा विळ्यानं कापा. पंप काढायचाच असेल तर नोझलला हूड (थेंब बाजूला उडू न देणारं झाकण) लावून फक्त गाजरगवताच्या झुडपावर, तेही फूल येण्याआधी मारा. पावसाळ्यात गाजरगवताची पानं चाळणीसारखी दिसली तर तेवढंही करू नका. तिथे गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा कामाला लागलेला असतो, आणि त्याचं ताटच जाळलं तर तो राहणार कसा?

दुसरी चूक वाऱ्याची. दोन वर्षांपूर्वी माझ्या कपाशीच्या कडेच्या चार ओळींची शेंड्याची पानं अरुंद, चिरलेली, भेंडीच्या पानासारखी झाली. मी आधी रोग समजलो, औषधाच्या दुकानात पान घेऊन गेलो. दोन दिवसांनी कळलं की शेजारच्या शेतात २,४-डी हे तणनाशक मारलं होतं. कपाशी, द्राक्ष, टोमॅटो यांना त्याचा उडालेला अंशही पुरतो. एस्टर प्रकारातलं २,४-डी तर फवारणीनंतरही वाफ होऊन हलतं. पीक ओरडतं म्हणून आपल्याला कळतं, धुऱ्यावरची झाडं ओरडत नाहीत. एवढ्याशा मात्रेनं ती मरतातच असं नाही, पण फुलोरा कमी येतो किंवा उशिरा येतो. त्या फुलांवर मधमाश्या आणि ज्यांच्या अळ्या मावा खातात त्या माश्या जगतात, हे तूर फुलावर आली की आठवतं. २,४-डी रुंद पानांचीच झाडं मारतं, त्यामुळे धुऱ्यावर नुसतं गवत उरतं. रुई गेली की तिच्यावर अंडी घालणारं नारिंगी फुलपाखरूही गेलं. अमेरिकेत मका-सोयाबीनच्या शेतांतून रुईच्या कुळातलं मिल्कवीड ग्लायफोसेटनं असंच हटलं आणि मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांचं खाणं कमी झालं.

पहाटे वारा अगदी पडलेला असतो म्हणून बरेच जण तेव्हा फवारतात. तेही चुकतंच. अशा वेळी बारीक थेंब जमिनीलगत तरंगत राहतात आणि मग कुठल्याही बाजूला सरकतात. पानं हलतील इतपत मंद वारा आपल्या पिकाकडून, शेजाऱ्याच्या पिकाकडून आणि झाडझुडपाकडून दूर जात असेल तेव्हा मारा. नोझल कीटकनाशकाचं नको, तणनाशकाचंच हवं, आणि पंपाचा दाब कमी ठेवा.

नाल्याचं गढूळ पाणी वापरू नका. ग्लायफोसेट त्यातल्या मातीलाच चिकटतं, तण मरत नाही, आणि मग माणूस डोस वाढवतो. पंप एकच असेल तर तणनाशकानंतर तो धुण्याच्या सोड्यानं धुवा, नाहीतर पुढच्या कीटकनाशकाच्या फवारणीत कपाशीच भाजते. जमलं तर वेगळाच पंप ठेवा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. आमच्या शिवारात बायका पावसाळ्यात धुऱ्यावरून तरोट्याचा कोवळा पाला खुडून नेतात. फवारलेलं झाड पहिले दोन-तीन दिवस हिरवंच दिसतं. पाहणाऱ्याला कळणार कसं? काठीला लाल चिंधी बांधून रोवा, शेळ्या चारणाऱ्या पोरांनाही सांगून ठेवा.

धुरा आधीच गाजरगवताच्या ताब्यात गेला असेल तर फवारणी थांबवा. ते फुलण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटा, हातमोजे घालून, कारण बऱ्याच जणांना खाज सुटते. हिवाळ्यात तरोट्याच्या शेंगा वाळतात तेव्हा बी झोडून ठेवा आणि मृगाच्या आधी मोकळ्या जागी दाट फेका. तरोटा गाजरगवताला दाबतो. माझ्या एका धुऱ्यावर दुसऱ्या पावसाळ्यात तो गुडघाभर वर आला होता, आणि शेजारच्या काकू यंदा पाला खुडायला आधी तिकडेच वळल्या.