सेलमधून वीज कशी येते, हे मुलांना कसे शिकवावे

मराठवाड्यातील खेड्यांत टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालायच्या वस्तूला सेल. त्यामुळे पुस्तकातील ‘विद्युत घट’ म्हणजे रात्रीच्या पाळीला मोटार सुरू करायला निघालेल्या वडिलांच्या बॅटरीतला सेलच, हे मुलाच्या चटकन लक्षात येत नाही. म्हणून सुरुवात फळ्यावरून न करता त्या बॅटरीपासूनच करावी.

प्रथम दोन सेलची बॅटरी मुलालाच उघडू द्यावी. सेलचे टोपीसारखे टोक धन आणि सपाट टोक ऋण, प्रत्येकावर 1.5 व्होल्ट लिहिलेले असते, आणि दोन सेल एकामागे एक बसले की 3 व्होल्ट होतात. एक सेल उलटा घालायला सांगावा. दोघांचा जोर एकमेकांविरुद्ध लागून दिवा लागत नाही. मग सेल सरळ करून मध्ये कागदाचा तुकडा ठेवावा. आता रस्ता तुटला म्हणून दिवा लागत नाही. बटण हेच काम करते.

यानंतर, रांजणात पाणी असते तशी वीज सेलमध्ये भरलेली असते, असे मात्र कृपया सांगू नये. साध्या सेलमध्ये जस्ताचे भांडे, काळा मसाला आणि मध्ये कार्बनची कांडी असते. जस्त हळूहळू झिजताना इलेक्ट्रॉन सोडते, आणि ते बाहेरच्या तारेतून, दिव्यातून फिरून कांडीकडे जातात.

हे डोळ्यांनी दिसावे म्हणून चार रसदार लिंबे घ्यावीत. प्रत्येकात जस्ताचा मुलामा असलेला एक खिळा आणि तांब्याची जाड तार, एकमेकांना न टेकता, खोचावी. मोटारीच्या वाइंडिंगची तार असेल तर तिच्यावरचा लेप पॉलिश पेपरने खरवडावा. प्रयोग फसतो तो बहुधा इथेच. एका लिंबातील तांबे पुढच्या लिंबातील खिळ्याला जोडत जावे. शेवटी उरलेल्या तांब्याला लाल एलईडीचा लांब पाय आणि उरलेल्या खिळ्याला आखूड पाय लावावा. एका लिंबातून जेमतेम 1 व्होल्ट मिळतो आणि लाल एलईडीला सुमारे 2 व्होल्ट लागतात. शिवाय दिवा जोडताच व्होल्टेज उतरते, म्हणून चार लिंबे. उजेड मंद असतो, त्यामुळे खोलीत अंधार करावा. वीज लिंबातून नव्हे तर जस्तातून येते. लिंबाचा आंबट रस ती क्रिया घडवतो. जालन्याकडे मोसंबी मुबलक असते, तीही लावून फरक पाहावा. वापरलेले फळ खाऊ नये, कारण त्यात जस्त उतरलेले असते.

सेलची दोन टोके तारेने थेट जोडू नयेत, सेल तापतो. मोबाइलची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी उघडू नये आणि भिंतीतल्या 230 व्होल्टच्या जवळ हा प्रयोग नेऊ नये. बटणासारखा चपटा सेल लहान मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

शेवटी, बॅटरीत मंद झालेला पण न पाझरलेला सेल, मापाचा असेल तर, भिंतीवरच्या घड्याळात घालून पाहावा. घड्याळ बहुधा चालते, कारण दिव्याला लागणारा मोठा प्रवाह तो सेल देऊ शकत नसला तरी काट्यांना लागणारा अगदी थोडा प्रवाह देतो. सेलवर मुलाच्या हाताने तारीख लिहून घ्यावी, म्हणजे घड्याळ थांबेल तेव्हा किती दिवस चालले हे त्यालाच मोजता येईल.