ग्राइंडर चालवताना या चुका टाळा: सुरुवात गार्डपासून

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, बांधकामावर किंवा शेतातल्या गोठ्याशी ग्राइंडर चालू दिसला की त्याचा गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, बहुतेक वेळा जागेवर नसतो. बाजूचं हँडलही खोक्यातच राहिलेलं असतं. का काढला असं विचारलं, तर ‘गार्ड मध्ये येतो’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. खरं कारण अनेकदा वेगळं असतं. मशीन चार इंची असतं आणि त्यावर पाच किंवा सात इंची चकती लावायची असते. ती गार्डमध्ये मावत नाही, म्हणून गार्ड निघतो. एकदा निघालेला गार्ड पुन्हा बसवायला कुणी वेळ काढत नाही.

इथे दोन चुका एकत्र होतात आणि त्यांचा परिणाम भयंकर असतो, म्हणून थोडं गणित करू. चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. त्यावर १०० मिलिमीटरची चकती असेल, तर तिची कड ताशी सुमारे २०७ किलोमीटर वेगाने धावते. हाताने चालवायच्या रेझिनच्या चकत्या सहसा सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर वेगासाठी बनवलेल्या असतात. म्हणजे योग्य जोडीत भरपूर राखीव ताकद उरते. त्याच मशीनवर सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटरची चकती चढवली, की कडेचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या पुढे जातो. फिरत्या चकतीवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे चकतीने जास्तीत जास्त जेवढा सोसायचा, त्याच्या दीडपटीहून अधिक ताण तिच्यावर येतो. ती फुटली तर तुकडा अडवायला गार्डही नाही, कारण तो आधीच काढलेला.

पाच इंची चकती ११,००० फेऱ्यांवर वेगाच्या हिशेबात बसते, हे खरं आहे. म्हणूनच अनेकांना ‘आपलं तर कधी काही झालं नाही’ असं वाटतं. पण तिचं भोक साधारण २२ मिलिमीटरचं असतं आणि आपल्याकडच्या चार इंची मशीनला १६ मिलिमीटरची चकती लागते. मग मध्ये वॉशर, पत्र्याची गुंडाळी, काहीतरी बसवून काम भागवलं जातं. चकती केंद्रात बसत नाही, थरथरते आणि एका बाजूने झिजते. सात इंचीची झिजून लहान झालेली चकती ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून चार इंचीवर लावणं हाही त्यातलाच प्रकार.

प्रत्येक चकतीवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मशीनच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा मोठाच हवा. सात इंचीवर तो साधारण ८,५०० असतो, हे एकदा वाचलं की ती ११,००० च्या मशीनवर चढवायला हात धजावणार नाही. खोल कट हवा असेल तर मोठं मशीन आणावं, भाड्यानेही मिळतं.

चकती विकत घेताना मधल्या धातूच्या कड्यावरची तारीखही बघा. रेझिन दमटपणाने कमकुवत होतं, म्हणून या चकत्यांना उत्पादनापासून साधारण ३ वर्षांची मुदत असते. कोकणात किंवा पावसाळ्यात गळक्या शेडमध्ये जमिनीवर पडून राहिलेली चकती मुदतीच्या आधीही धोक्याची होते. खाली आपटलेली, कड उडालेली, ओलावा धरलेली चकती सरळ तोडून टाका. नुसती कोपऱ्यात ठेवलीत, तर उद्या दुसरं कुणीतरी ती उचलून लावेल.

कटिंगच्या चकतीने घासू नका

कटिंगची चकती एक-सव्वा मिलिमीटर जाडीची असते आणि ती फक्त कडेने काम करण्यासाठी असते. तिच्या सपाट अंगाने वेल्डिंगचा उंचवटा घासायला लागलात की तिच्यावर आडवा जोर येतो, आतली जाळी सुटते आणि ती पुढच्या कटला फुटते. वेल्डिंगचा उंचवटा घासायला जाड ग्राइंडिंग व्हील आणि सफाईला फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्यांची चकती) वापरा. दर वेळी चकती बदलायचा कंटाळा येतो, हे मान्य. ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी दोन मशीनं ठेवावीत, एक कटिंगला आणि एक घासायला.

झटका कशामुळे बसतो

माणसं सर्वात जास्त घाबरतात ती मशीन उसळण्याला, आणि ते बरोबरच आहे. उसळलेला ग्राइंडर मांडीवर, गळ्यावर, चेहऱ्यावर येतो. पण हे अचानक घडत नाही. चकती कटमध्ये चिमटली जाते, तिथे ती अडते आणि तिची सगळी ताकद मशीनला उलट फेकण्यात जाते.

चिमटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टेकू चुकीच्या जागी असणं. लांब पाइप दोन्ही टोकांना विटांवर ठेवून मधोमध कापायला घेतला की अर्धा कट झाल्यावर पाइप मधे वाकतो, कटचं वरचं तोंड मिटतं आणि चकती अडकते. त्याऐवजी एक बाजू शिकंज्यात किंवा सी-क्लॅम्पने पक्की धरा आणि कापून पडणारा तुकडा पलीकडे मोकळा लटकू द्या. तो खाली झुकेल तसं कटचं तोंड उघडत जाईल. चौकोनी पाइप एका दमात आरपार न कापता एकेक बाजू कापून फिरवत न्या. आणि पायाने पाइप दाबून एका हाताने कापणं, जे प्रत्येक साइटवर दिसतं, ते बंदच करायला हवं. मशीन दोन हातांत आणि काम क्लॅम्पमध्ये, यात तडजोड करू नका.

दिशेचंही भान हवं. गिअरबॉक्सवर बाण असतो. चकतीची खालची कड ज्या दिशेला धावते, त्याच दिशेला मशीन पुढे न्या. हाताला सतत थोडा विरोध जाणवेल, तो चांगला. उलट दिशेला नेलंत तर काम हलकं वाटतं, कारण मशीन स्वतःच पळतं, आणि तेच एखाद्या क्षणी हातातून निसटतं. चकती पूर्ण वेगात आल्यावरच लोखंडाला लावा. अडकली तर बटण बंद करा, थांबू द्या, मग बाहेर काढा. कटमध्ये अडकलेलीच चकती पुन्हा चालू करू नका. उभं राहताना शरीर चकतीच्या रेषेत नको, थोडं बाजूला हवं.

लाकडासाठी ग्राइंडर नाही

प्लायवूड, फळी, झाडाच्या फांद्या कापायला ग्राइंडरवर दातेरी ब्लेड लावण्याची पद्धत सुतारांमध्ये आणि शेतकऱ्यांमध्ये पसरली आहे. मला या सगळ्या चुकांमध्ये ही सर्वात घातक वाटते. घासणारी चकती अडकली तर निदान झिजते किंवा तुटते. दाता मात्र लाकडात रुततो आणि पूर्ण मशीन उचलून फेकतो. ग्राइंडरचा वेग लाकडाच्या कामापेक्षा फार जास्त, गार्ड अर्धवट, बूड टेकवायला पाटी नाही. साखळीचे दाते असलेली चकती तर हातातच घेऊ नका, दुकानात खुलेआम मिळत असली तरीही. मार्बल कटरला बूड असतं, म्हणून सुतार त्याच्यावर लाकडाचं ब्लेड लावतात, पण त्यालाही ब्लेड आपोआप झाकणारा खालचा गार्ड नसतो. प्लायसाठी सर्क्युलर सॉच (लाकडासाठीची गोल पात्याची विजेची करवत) घ्या.

वीज, वायर आणि बटण

प्लग तुटला म्हणून वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली अजूनही दिसतात. हिसका बसला की वायर निघते, आणि निघालेली वायर ओल्या जमिनीवर पडते. तीस रुपयांचा प्लग बसवायला दहा मिनिटं लागतात. मालकाने हे काम कारागिरावर सोडू नये.

लाइट जाणं-येणं तर रोजचंच. सरकवून अडकणारं बटण असलेलं मशीन चालू असताना लाइट गेली आणि तसंच खाली ठेवलं, तर लाइट आल्यावर ते जमिनीवरच नाचायला लागतं. लाइट गेली की आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. चकती बदलतानाही प्लग काढूनच. नवं मशीन घेत असाल तर हात सुटला की बंद होणारं, पॅडलसारखं बटण असलेलं घ्या.

पाणी टाकून फरशी किंवा ग्रॅनाइट कापताना बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) असायलाच हवा. आणि साधा ग्राइंडर पाण्याच्या कामासाठी बनवलेला नसतो.

मशीन काय सांगतंय ते ऐका

नवीन चकती लावल्यावर मशीन थरथरत असेल तर ‘दोन मिनिटांत बसेल’ म्हणून चालवू नका. फ्लँजवर (चकती जिच्यावर टेकते त्या बैठकीवर) मळ आहे का, भोक सैल आहे का, नट उलटा लागला आहे का, ते बघा. बऱ्याच मशीनच्या नटाची एक बाजू उंच आणि एक सपाट असते. जाड आणि पातळ चकतीसाठी तो वेगवेगळ्या बाजूने लागतो. नीट बसवल्यावर तोंड दुसरीकडे करून मिनिटभर रिकामं फिरवा.

नट जाम झाला तर छिन्नी-हातोडा नको, दोन खुंट्यांचा पाना वापरा. मशीनबरोबरच मिळतो, तो हरवू नका. फिरती चकती थांबवायला स्पिंडल लॉक (चकती बदलताना दांडा अडकवून धरणारं बटण) दाबणं म्हणजे गिअर तोडणं. मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश संपत आलेत. वायर गरम होत असेल तर एक्स्टेंशन बारीक आहे किंवा जोड सैल आहे.

आग

रिकामा पिंप. डिझेलचा, थिनरचा, तेलाचा. तो कापून पाण्याची टाकी किंवा चूल करायची म्हणून कुणीतरी ग्राइंडर लावतो. आत द्रव नसला तरी वाफ असते, आणि ठिणगी पडली की पिंप बॉम्बसारखा फुटतो. धुऊन घेतला म्हणूनही तो सुरक्षित होत नाही. असं काम घेऊच नका, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. एरवीही ठिणग्या कित्येक मीटर लांब जातात. कडबा, भुसा, थिनरचा डबा, गादीचा फोम आधी हलवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथे लक्ष ठेवा. भुशात पडलेली ठिणगी उशिरा पेटते.

कपडे, डोळे, फुप्फुसं

गळ्यातला गमछा, ओढणी, लोंबणारी बाही, हातातलं कडं काढून ठेवा. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं, त्यामुळे जाड सुती कपडे बरे. सैल विणलेले हातमोजे चकतीत ओढले जातात. अंगाबरोबरचे चामड्याचे चालतील.

दगड, फरशी, काँक्रीट कोरडं कापताना उडणारी धूळ नाकावर रुमाल बांधून थांबत नाही. त्यातली सिलिका फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यातून फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत. पाणी मारणारा कटर आणि निदान एन ९५ मास्क, दोन्ही हवेत. सलग काम असेल तर कानांना प्लगही लावा.

आणि डोळे. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, कण बाजूने आत जातो. बंद कडांचा गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची ढाल, असं दोन्ही वापरा. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३५ खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी लिहिलं गेलं. पण दोन-तीन माणसांच्या शेडपर्यंत निरीक्षक क्वचितच पोहोचतो, त्यामुळे तिथे गॉगल आणायचा तो मालकानेच. रोज काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा स्वतःचा द्या. ओरखड्यांनी धूसर झालेला, सगळ्यांत मिळून एकच असलेला गॉगल कुणी घालत नाही.

कण गेलाच तर चोळू नका, रुमालाच्या टोकाने, काडीने किंवा शेजारच्या ‘हातगुण’ असलेल्या माणसाकडून काढून घेऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांतच गंज सोडू लागतो. कण निघाला असं वाटलं तरी गंजाचं वर्तुळ राहू शकतं, म्हणून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दिसणं कमी झालं असेल किंवा कण आत घुसल्याची शंका असेल, तर डोळ्यावर अजिबात दाब न देता वाटीसारखं काहीतरी झाकून तातडीने हॉस्पिटल गाठा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर ग्राइंडरवर काम केलं आहे आणि डोळ्यात कण गेला होता, हे आधी सांगा. डोळ्यात राहिलेला लोखंडाचा बारीक तुकडा त्या यंत्राच्या चुंबकाने सरकतो आणि डोळा फाडू शकतो.