आई-बाबांना घेऊन त्रिशूलीत राफ्टिंग

साठीच्या आसपासच्या आईला किंवा बाबांना घेऊन परदेशात राफ्टिंग करायचं असेल, तर सुरुवात नेपाळच्या त्रिशूलीपासून करावी. भारतीयांना व्हिसा लागत नाही, गाईड हिंदी बोलतात आणि नदी काठमांडू-पोखरा रस्त्याला लागून वाहते. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा, कारण मध्येच कुणाला थांबावंसं वाटलं तर रस्ता हाकेच्या अंतरावर असतो. नेपाळमधल्याच सुनकोशी नदीवर आठ-दहा दिवस वाळूत तंबू ठोकून राहावं लागतं. भोटेकोशी नदीचा उतार असा की एक रॅपिड, म्हणजे उसळत्या पाण्याचा पट्टा, संपून दम खाईपर्यंत दुसरा समोर येतो. मुलांना हवी असते भोटेकोशीच. ती मित्रांबरोबर करा.

हंगाम दोन: ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. पहिल्यांदा जाणाऱ्या पालकांसाठी आम्ही एप्रिल सुचवू. पाणी तेव्हा हिमालयाचंच, गारच असतं, पण हवा उबदार असल्यामुळे भिजलेला माणूस कुडकुडत बसत नाही. ऑक्टोबरात पाणी जास्त असतं, शिवाय दसैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या सुट्टीत अख्खं काठमांडू गावाकडे निघतं आणि रस्ता तुंबतो. पावसाळ्यात जाऊच नका, आणि त्याला कारण फक्त नदी नाही. जुलै 2024 मध्ये नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या.

एका दिवसाचं राफ्टिंग बहुतेक चरौदीहून सुरू होतं. अंतर काठमांडूहून साधारण 80 किलोमीटर असलं तरी घाट, ट्रक आणि रस्त्याची कामं धरून तीन-चार तास जातात. इतका वेळ गाडीत अवघडलेली कंबर लगेच वल्ह्याला लावणं बरं नाही. आदल्या रात्री याच रस्त्यावरच्या कुरिनटारला किंवा आसपास मुक्काम करा. काठमांडूहून पोखऱ्याला जायचंच असेल तर वाटेत उरकता येतं. सामान गाडीतून पुढे जातं आणि गाडी उतरण्याच्या जागी थांबते.

कागदपत्रांत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, आधारवर विसंबू नका. प्रवास विम्याच्या अटींत राफ्टिंगचा उल्लेख शोधा. साहसी खेळ वगळलेली पॉलिसी इथे कामाची नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं

‘राफ्टिंग चालेल का?’ असं विचारलं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर तलावातली होडी येते. प्रश्न असा विचारा: दोन-तीन तास वल्हं मारणं, अचानक थंड पाण्यात पडणं आणि लाईफ जॅकेटला धरून राफ्टमध्ये वर ओढलं जाणं, हे यांना झेपेल का? अँजिओप्लास्टी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडं, नुकतंच झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आखडलेला किंवा एकदा निखळलेला खांदा, हे सगळं आपण होऊन सांगा. खांद्याकडे विशेष लक्ष द्या, कारण वल्हं मारताना आणि वर ओढताना ताण तिथेच येतो. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर श्रमाने उतरू शकते. ग्लुकोज आणि गोळ्या दुहेरी झिपच्या पिशवीत घालून गाईडच्या ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असतील, तर त्या दिवशीची वेळही विचारून घ्या. नदीत दोन तास स्वच्छतागृह नसतं, आणि ही अडचण आई तोंडाने सांगणार नाही.

रंगीत तालीम घराजवळच होते. कोलाडला कुंडलिकेत धरणातून सोडलेल्या पाण्यावर सकाळी राफ्टिंग चालतं. तिथे शांत पट्ट्यात गाईडला सांगून पालकांनी मुद्दाम पाण्यात उतरावं आणि स्वतःला वर ओढून घ्यावं. पोट अडतं का, खांदा दुखतो का, घाबरून हात आखडतात का, हे तिथेच कळून येतं. पोहता येणं या खेळात सक्तीचं नसतं, पण डोक्यावरून पाणी गेल्यावर भांबावणाऱ्या माणसाने अजून एकदा कोलाड करावं.

बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: सोबत सेफ्टी कयाक (पाण्यात पडलेल्याला वाचवायला राफ्टबरोबर चालणारी छोटी होडी) असेल का, गाईडने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि राफ्टिंग न करणारा माणूस गाडीतून पुढे येऊ शकतो का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर सकाळी ‘मला नको’ म्हणणं सोपं जातं. नाहीतर मुलाचे पैसे वाया जातील म्हणून बाबा गप्प बसून जॅकेट चढवतात.

काठावर

लाईफ जॅकेट खालच्या पट्ट्यापासून वर आवळत यायचं. पोट सुटलेल्या माणसाचा खालचा पट्टा सैल राहिला तर पाण्यात जॅकेट हनुवटीपर्यंत सरकतं आणि तोंडच झाकतं. सगळे पट्टे लावल्यावर मागून कुणीतरी दोन्ही खांद्यांकडून जोरात वर ओढून बघावं. ते कानांपर्यंत आलं तर पुन्हा आवळा, तरीही येत असेल तर लहान मापाचं मागा. लाजू नका, गाईड दुसरं देतात. हेल्मेट कपाळ झाकेल असं हवं, मागे कललेलं नको. पायात पट्ट्यांचे सँडल किंवा जुने बूट घाला, स्लीपर पहिल्याच लाटेत जातात. जीन्स, सुती कुर्ता, ओढणी नको. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक टीशर्ट उत्तम. मंगळसूत्र, अंगठ्या आणि काढता येणारी कवळी गाडीत ठेवा, चष्म्याला मागून दोरी बांधा.

राफ्टमध्ये

पालक मधल्या रांगेत, आणि त्याच बाजूला बरोबर मागे मूल, अशी बैठक गाईडकडे मागा. वजनाचा तोल बघून तो नाही म्हणाला तर ऐकायचं. मागे बसल्याने पुढच्याच्या लयीत वल्हं पडतं आणि तो घसरला तर जॅकेटचा खांदा हाताला लागतो. बसायचं बाहेरच्या फुगीर कडेवर, पाऊल समोरच्या आडव्या नळीखाली खोचून. पाऊल अडकेल इतकं आत घालू नका.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. एक हात कायम तिच्यावर हवा. राफ्टमध्ये तोंड फुटतं ते बहुधा शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीने. वल्हं दंडाने ओढायचं नाही. कंबरेतून पुढे वाकून पातं पाण्यात रोवायचं आणि धडाने मागे यायचं, म्हणजे खांदा वाचतो. नवखी माणसं मोठी लाट बघून वल्हं सोडतात आणि राफ्टच्या कडेची दोरी धरतात. नेमकं तेव्हाच राफ्ट आडवी होते. पाण्यात रोवलेलं पातं हाही आधारच असतो. दोरी फक्त गाईडचा ‘गेट डाऊन’ (खाली बसा) हा हुकूम ऐकल्यावर धरायची.

कुणी पाण्यात पडलंच, तर त्याने पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याबाहेर दिसतील अशी. कमरेएवढं पाणी वाटलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाऊल दोन दगडांत अडकलं तर प्रवाह माणसाला पुढे पाडून पाण्याखाली दाबतो. फेकलेली दोरी छातीशी धरून खांद्यावरून न्यायची आणि दोरीकडे पाठ करून तरंगायचं. मनगटाला गुंडाळायची नाही. राफ्ट उलटून डोक्यावर आली तर हातांनी चाचपडत एकाच दिशेने सरकत राहायचं, कड सापडते.

मुलांसाठी एक नियम, आणि तो काठावरच ठरवून टाका. आई पाण्यात पडली तर मागोमाग उडी मारायची नाही. उडी मारली की गाईडला दोन माणसं शोधावी लागतात आणि राफ्टवरचं एक वल्हं कमी होतं. तुमचं काम आईकडे बोट दाखवत राहणं आणि हुकूम येईल तसं वल्हं मारणं. ती राफ्टजवळ आली की हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. तिचं तोंड आपल्याकडे करा, जॅकेटचे दोन्ही खांदे पकडा, गुडघे कडेला टेकवा, एकदा किंचित खाली दाबा आणि उसळी येताच स्वतः मागे कोसळा. ती तुमच्या अंगावर येऊन पडेल, तेच बरोबर आहे.

उतरल्यावर आधी कोरडे कपडे, मग डाळभात. कुरिनटारहून मनकामनेला केबल कार जाते, पण रोपवेच्या रांगेत भिजलेल्या अंगाने उभं राहू नका. देवीचं दर्शन दुसऱ्या दिवशी ठेवा आणि हॉटेलात खालच्या मजल्यावरची खोली मागा. सकाळी दंड आणि मांड्या भरून आलेल्या असतात.