रणगाड्याचं मॉडेल करताय? या चुका टाळा

जून लागला की माझ्याकडं पोरं बुटाची खोकी घेऊन यायला लागतात. आत कापसावर ठेवलेला रणगाडा, आणि तोंड दवाखान्यात पेशंट घेऊन आल्यासारखं. "काका, पांढरं पडलंय." खोकं उघडायच्या आधीच मी विचारतो, "पावसात मारलास न्हवं रंग?"

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर लॅकर, म्हणजे थिनरवर चालणारा झटपट वाळणारा रंग, फवारायचा तर हवा बघून फवारायचा, सुट्टी बघून नाही. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि दमट हवेतलं पाणी तिथंच रंगात अडकतं. तेच ते पांढरं. कंपनी बदलून हे थांबत नाही.

सांगतोय खरा, पण ही फी मीही भरलीय. १/३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, टी-५५ हा रशियन रणगाडा होता. दोन महिन्यांचं काम. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, ओतीव असतो म्हणून त्यावर प्लास्टिकच्या गोंदानं खडबडीत पोत आणला होता, त्यातच चार रात्री गेल्या होत्या. राहिला होता फक्त शेवटचा मॅट क्लिअरचा, म्हणजे चकाकी मारणाऱ्या बिनरंगी थराचा, हात. बाहेर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडलेली, आणि मी माडीवर कॅन हलवत उभा, कारण रविवारी मित्र बघायला येणार होता. फवारलं. चहा घेऊन परत येतोय तोवर टरेटवर दूध सांडून वाळल्यासारखी साय. इंजिनावरच्या जाळीत तर पिठी साखर भुरभुरल्यासारखं दिसत होतं.

त्या रात्री हात लावला नाही, एवढंच शहाणपण केलं. उघडीप मिळाल्यावर ग्लॉस, म्हणजे चकाकणाऱ्या, क्लिअरचा पातळ हात दिला, साय बरीचशी विरली. मग पुन्हा मॅट. जाळीतलं थोडं राहिलंच. ते धूळ म्हणून खपवलं, अजून कुणी ओळखलेलं नाही.

आता टेबलावर ह्युमिडिटी मीटर आहे आणि माझीही नदीसारखीच इशारा आणि धोका पातळी ठरलेली आहे: ६० टक्के आणि ७० टक्के. सत्तरच्या वर एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारं पेन, कपाटातच राहतो. आकडे माझे आहेत, पुस्तकातले नाहीत. साठ-सत्तरच्या मधे अगदीच नड असली तर सावकाश उडणारं लेव्हलिंग थिनर वापरतो आणि कॉम्प्रेसरच्या मॉइश्चर ट्रॅपमधलं पाणी दर दहा मिनिटांनी सोडतो. नाहीतर ऐन बारीक कामात एअरब्रश थुंकतो. बाकी पावसाळा हा कापायचा, घासायचा, चिकटवायचा हंगाम. कुंभार गल्लीत याच दिवसांत गणपती रंगतात, हे मला ऐकवू नका. त्यांना चतुर्थी गाठायची असते. तुम्हाला काय गाठायचंय?

लहानसहान चुका एका दमात सांगतो. स्प्रू, म्हणजे किटमधले सुटे भाग ज्यात जोडलेले असतात त्या चौकटी, साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, नाहीतर साच्याच्या तेलावरून रंग सुटतो. पारदर्शक भागाला फेविक्विक लावू नका, वाफेनं काच धुरकटते. पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा पातळ गोंद, लावताना बोट जोडाच्या रेघेवर नको, गोंद बोटाखाली शिरतो आणि टरेटवर तुमचा अंगठा उमटतो, खरेदीखतावर उमटतो तसा. व्हॅलेहो कंपनीचा पाण्यावरचा अॅक्रिलिक रंग लॅकर थिनरमध्ये ढवळलात तर डिंक तयार होईल. मॅट रंगावर थेट डिकॅल, म्हणजे आकडे-चिन्हांचं पाण्यातून उतरवायचं चित्र, लावलं की खाली हवा राहून चंदेरी दिसतं, म्हणून आधी ग्लॉस. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर स्वस्त पडतं म्हणून त्यानं मॉडेल पुसायला जाऊ नका. पॉलिस्टायरिन लोण्यासारखं वितळतं. एका पोरानं आणलेल्या जीपचा बॉनेट पुसता पुसता सीटवर जाऊन बसला होता.

आता माझी खास चीड: खरी माती.

गेल्या साली कागलकडचा एक पोरगा १९६५ चा पॅटन घेऊन आला. विषय झकास निवडला होता, पंजाबात खेमकरणजवळची आसल उत्तरची लढाई. आपल्या सैन्यानं शिवारात पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले, ते दृश्य. "तिथं पण ऊसच होता की काका, म्हणून आमच्या रानातलीच माती आणली." फेविकॉलमध्ये कालवून ट्रॅकवर थापलेली. आठ दिवसांत वाळून तडकली, रंगासकट सुटली. उरलेल्या मातीवर बुरशी आली, हिरवी, चांगली मखमली.

पण तडकली नसती तरी चुकलंच होतं. १/३५ मध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा धोंडा. त्याच्या फेंडरवर जी ढेकळं होती ती खऱ्या रणगाड्यावर माणसाच्या डोक्याएवढी भरली असती. शिवाय खेमकरणची माती गाळाची, फिकट तपकिरी. आपली काळी माती थापली की पॅटन पंजाबात नाही, कागलच्या फडात रुतलेला दिसतो.

मी प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड आणि पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी, घेतो, चहाच्या गाळणीतून आणि मग जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळतो, अॅक्रिलिक रंगात मिसळून ब्रशनं टिपतो. चिखल खालून वर चढतो. चाकांवर जाड, बाजूला कमी, टरेटवर फार तर बुटांचे डाग. दुकानातली तयार चिखलाची बाटली वाईट नसते, पण ती आणली की पोरं अख्खी ओततात.

गंजाचंही तेच. चालता रणगाडा भंगारातला नसतो. एक्झॉस्टवर द्या, तिथं शोभतो. रबराच्या कडा असलेल्या चाकांवर चंदेरी ओरखडे काढणाऱ्यांना मी रबराला कुठं लोखंड लागलं ते विचारतो. शक्य असेल तर एकदा अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन या. तिथले रणगाडे रंगवून ठेवलेले असतात, त्यामुळं रंगछटेची नक्कल करू नका. वेल्डच्या रेघा आणि ओतीव पोलादाचा खरबरीतपणा मात्र डोळे भरून बघा.

कागलच्या पोराचा पॅटन अजून माझ्याच कपाटात आहे. माती निघाली. डाव्या बाजूच्या ट्रॅकच्या तीन कड्या तिच्याबरोबर गेल्या, त्या आता दुसऱ्या किटमधून काढायच्यात. रंग ऑक्टोबरात, तोवर त्याला फोन करू नको म्हणून सांगितलंय.