काढलेला प्रोग्रॅम परत का येतो, आणि तो कसा थांबवला

न विचारता आलेला टूलबार किंवा 'क्लीनर' विंडोजच्या अ‍ॅप्स यादीतून काढला, तरी दोन दिवसांत पुन्हा हजर! कारण मुख्य प्रोग्रॅम जातो, पण त्याचा अपडेटर मागे राहतो, बहुधा दोन जागी: टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारी विंडोजची सोय) आणि सर्व्हिसेस (पडद्याआड चालणारे प्रोग्रॅम). नुसती सर्व्हिस थांबवून भागत नाही. शेड्युलरमधलं ठरवून ठेवलेलं काम, म्हणजे टास्क, तिला पुन्हा उठवतो.

म्हणून आधी टास्क शेड्युलर लायब्ररी उघडली. टास्कच्या नावांवर जाऊ नका, ती मुद्दाम साळसूद ठेवलेली असतात. प्रत्येक टास्कच्या 'अ‍ॅक्शन्स' टॅबमध्ये कोणती फाइल चालते त्याचा पूर्ण पत्ता दिसतो. त्या नको असलेल्या प्रोग्रॅमच्या कंपनीचा फोल्डर दिसला की टास्क डिसेबल. डिलीट नंतर, सगळं नीट चालतंय हे पाहून. मग सर्व्हिस थांबवून 'स्टार्टअप टाइप' डिसेबल्ड केला, प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला आणि रीस्टार्ट.

ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन (त्याला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) तरीही निघत नसेल, तर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम://पॉलिसी' इंग्रजीत टाइप करून पाहा. घरच्या संगणकावर तिथे सक्तीच्या एक्स्टेन्शनची नोंद असेल, तर ती रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून, काढावी लागते. ऑफिसच्या संगणकावर मात्र हात लावू नका.

विंडोज किंवा ब्राउझरचा स्वतःचा अपडेटर असा बंद करू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.