घरच्या कार्यासाठी घरी केलेली बिअर निवडताना या चुका टाळा

दादा-वहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी त्यांच्यासाठी बार्लीवाइन केली होती. नावात वाइन असलं तरी ही बिअरच. दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली, इंग्लंडातल्या जुन्या कडक एलच्या, म्हणजे उबेत आंबवलेल्या बिअरच्या, घराण्यातली. ओहायोतल्या आमच्या तळघरात ती पाच महिने मोठ्या काचेच्या बरणीत मुरली, मग बाटल्यांत गेली. समारंभाच्या दिवशी दादाने पहिली बाटली उघडली आणि आवाजच आला नाही. ग्लासात ओतली तर एक बुडबुडा नाही. काकवीसारखी गोड, जड, निपचित बिअर. वहिनी म्हणाल्या, "भावजी, चव खरंच छान आहे हो." त्या मनापासून म्हणाल्या, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्लीचं धान्य) चांगलं होतं, स्वच्छता चोख होती. हाताशी असलेल्या वेळात न बसणारी बिअर निवडली, तिथेच गाडी चुकली होती.

त्यानंतर बाबांची पंच्याहत्तरी झाली, मुलीचं ग्रॅज्युएशन झालं, दोन डोहाळजेवणं झाली. प्रत्येक वेळी घरचीच बिअर होती, आणि आता लोक मला आधी विचारतात ते "कशी करायची" हे नाही, तर "कुठली करू" हे. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच. हे सगळं अमेरिकेतल्या घरांसाठी आहे. इथे १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर करायला केंद्राची मुभा मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. मिसिसिपी आणि अलाबामात तर २०१३ मध्ये कुठे परवानगी मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा पुण्यातल्या भाच्याच्या मुंजीला हा उद्योग तिकडे करू नका.

तारखेपासून मागे न मोजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण आधी बिअर ठरवतो आणि मग कॅलेंडर बघतो. उलटं करा. कार्याची तारीख लिहा आणि तिथून मागे या.

पाच आठवडे हातात असतील तर गव्हाची जर्मन बिअर, म्हणजे हेफेवाइझन करा. दहा-बारा दिवस फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, दोन आठवडे बाटलीत, की झाली. ही ताजीच प्यायची असते. तिचा केळ्यासारखा आणि लवंगेसारखा वास यीस्टमधून येतो आणि महिन्यागणिक ओसरत जातो. सहा ते आठ आठवडे असतील तर पेल (फिकट) एल, ब्राउन एल किंवा साधी काळी स्टाउट निवांत होते. लागरला अडीच-तीन महिने धरा: १० ते १२ अंश सेल्सियसवर सावकाश आंबवणं आणि मग शून्याच्या जवळ कित्येक आठवडे ठेवणं. त्यासाठी वेगळा फ्रिज लागतो. तो नसेल तर लागरचा हट्ट सोडा. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव मुळात १८१० मधल्या एका राजघराण्यातल्या लग्नाच्या जल्लोषातून सुरू झाला, म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला मेर्त्सेन, म्हणजे त्या उत्सवातली पारंपरिक लागर, करावी असं अनेकांना वाटतं. कल्पना सुरेख आहे. पण मेर्त्सेन हे नावच मार्च महिन्यावरून पडलंय. वसंतात करायची, उन्हाळाभर थंडाव्यात ठेवायची आणि शरदात प्यायची, अशी तिची रीत. घाईत ती होत नाही.

बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउट हवी असेल तर सहा महिने कमीत कमी. वर्ष उत्तम. इंग्लंडातल्या मोठ्या जमीनदार घरांत वारस जन्मला की कडक एल करून पिंपात ठेवत आणि तो एकवीस वर्षांचा झाला की ते पिंप फोडत. बारशाला प्यायची बिअर आणि बारशाला करायची बिअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या लोकांना नेमकं ठाऊक होतं.

उलटी चूकही तितकीच होते. कोणी चार महिने आधी हौसेने आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली कडू एल, करून ठेवतं. हॉप्स ही बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं; त्यांचा वास टिकाऊ नसतो. बाटलीत शिरलेला थोडासा प्राणवायूही त्याला खातो, आणि चार महिन्यांनी संत्र्याच्या सालीऐवजी नुसता कडूपणा उरतो. आयपीए करायचीच तर अशी करा की ती कार्याच्या आठवडाभर आधी तयार होईल.

आपल्या आवडीची बिअर पाहुण्यांच्या गळ्यात मारणं

ज्याला हा नाद लागतो त्याची जीभ हळूहळू कडू, आंबट, धुरकट चवींकडे जाते. बाबांच्या पंच्याहत्तरीला येणारे त्यांचे मित्र तिथे नसतात. त्यांनी आयुष्यभर थंडगार, हलकी बिअर प्यायलेली असते. त्यांच्यासाठी चार-साडेचार टक्क्यांची ब्लाँड एल किंवा गव्हाची बिअर करा. मी तशी केली तेव्हा बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांनी दुसरा ग्लास मागून घेतला. तो दुसरा ग्लास हीच माझी कसोटी.

जेवण काय आहे तेही बघा. तांबडा रस्सा, सुकं मटण, ठेचा असं काही असेल तर फार कडू बिअर नको. कडूपणाने तिखट आणखी झोंबतं. गव्हाची बिअर तिथे छान सांभाळून घेते. कांदाभजी आणि कोथिंबीरवडीबरोबर पेल एल जमते. श्रीखंडाबरोबर मला अजून एकही बिअर पटलेली नाही.

हिशेब सोपा आहे. पाच गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटरची एक बॅच. तळाचा गाळ सोडून ३५५ मिलिलिटरच्या ४८ बाटल्या निघतात. चाळीस जणांत निम्मे पिणारे धरले तर पुरेशा होतात. उरलेल्या निम्म्यांसाठी पन्हं किंवा सोलकढी तितक्याच प्रेमाने करा, आणि पूजा असेल तर ती पूर्ण उरकल्यावरच बिअर बाहेर काढा. गरोदर मुलीच्या डोहाळजेवणात तर ही काळजी दुप्पट घ्या. त्या दिवशी टेबलावर पहिलं पेय तिचं असलं पाहिजे.

आंबा, गूळ, वेलची: पहिलाच प्रयोग कार्याच्या दिवशी

आपली बिअर आपल्या चवीची असावी ही इच्छा मला मनापासून मान्य आहे. पण न करून पाहिलेली पाककृती मोठ्या दिवशी नको. आधी एक गॅलनची छोटी बॅच करा.

गुळाने बिअर गोड होत नाही. यीस्ट तो जवळजवळ सगळा खाऊन टाकतं. उरतो थोडा गंध, वाढलेलं अल्कोहोल आणि कोरडी चव. वेलची माल्टच्या उकळत्या रसात टाकली तर मसाल्याच्या दुधासारखा वास सगळं झाकून टाकतो. दाणे ठेचून थोड्या व्होडकात चार-पाच दिवस भिजवा आणि तो अर्क बाटल्या भरताना चाखत-चाखत घाला. थेंब वाढवता येतात, काढता येत नाहीत.

आंब्याचं मात्र गंभीरपणे सांगतो. हापूसच्या रसाचा डबा बाटल्या भरायच्या दिवशी ओतू नका. ओळखीतल्या एका घरी तसं झालं. आठव्या दिवशी रात्री कपाटात बाटल्या फुटू लागल्या, काच भिंतीत रुतली. घरात लहान मूल होतं, ते सुदैवाने झोपलेलं होतं. रसातली साखर बंद बाटलीत आंबते आणि दाब वाढत जातो. रस फर्मेंटरमध्येच घाला, तो पूर्ण आंबू द्या आणि हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आला तरच बाटल्या भरा. सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१२ असेल तर फरकाला १३१ ने गुणा. जवळजवळ पाच टक्के अल्कोहोल. एअरलॉकमधले (फर्मेंटरच्या तोंडावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं धरून चालू नका.

तीन आठवडे आधी एक बाटली न उघडणं

मी त्या बार्लीवाइनची एकही बाटली आधी उघडली नव्हती. तीन आठवडे आधी उघडली असती तर ती वाचली असती. दीर्घकाळ मुरलेल्या, जास्त अल्कोहोलच्या बिअरमधलं यीस्ट थकलेलं असतं, त्याला बाटलीतली साखर खाऊन वायू करायची ताकद नसते. म्हणून भरताना थोडं ताजं कोरडं यीस्ट घालायचं. बाटल्या भरून झाल्यावर कळलं तर आधी त्या २०-२१ अंशांच्या खोलीत आणा, हलकेच उलट्या-सुलट्या करून तळाचं यीस्ट वर आणा आणि दोन आठवडे थांबा. तरीही ढिम्म असेल तर झाकण काढून यीस्टचे मोजके दाणे टाका आणि नवं झाकण लावा. बाटलीत वायू व्हावा म्हणून भरताना नेहमीच्या बिअरला १९ लिटरमागे ११५ ते १२५ ग्रॅम कॉर्न शुगर, पाण्यात उकळून, पुरते.

त्या बाटलीची चव घेताना नाक उघडं ठेवा. हिरव्या सफरचंदासारखा वास आला तर बिअर कच्ची आहे, आणखी दोन आठवडे उबेत ठेवा. बहुतेक वेळा सुधारते. लोण्यासारखा वासही बाटलीत यीस्ट जिवंत असेल तर उबेत कमी होऊ शकतो, पण लागरमध्ये तो फर्मेंटरमध्येच घालवावा, शेवटी दोन दिवस तापमान १८ अंशांपर्यंत वर नेऊन. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे माल्टचा रस झाकण ठेवून उकळला. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे भरताना हवा शिरली. बँडेजसारखा औषधी वास बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनचा. पुढच्या वेळी क्लोरिन मारणाऱ्या कॅम्पडेनची एक गोळी २० गॅलन पाण्याला पुरते. या शेवटच्या तिघांवर इलाज नाही. तेव्हा दुकानातून चांगली बिअर आणा आणि आपली बॅच बाजूला ठेवा. कार्य दादा-वहिनींचं असतं.

बाटल्या तपकिरीच घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर अंगणातल्या उन्हात थोड्या वेळातच स्कंक या प्राण्यासारखी घाण मारू लागते, आणि आपली कार्यं तर बहुतेक अंगणातच होतात.

हॉलवर न्यायची असेल तर दोन-तीन दिवस आधी नेऊन उभी ठेवा, म्हणजे गाडीत हलून वर आलेला गाळ पुन्हा तळाशी बसेल. ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच सोडा. गव्हाच्या बिअरमध्ये तो गाळ मुद्दाम ढवळून घेतात, तेवढा अपवाद. बार्लीवाइन बर्फगार देऊ नका. १२-१३ अंश, छोटा ग्लास, आणि ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांना आधी सांगा की ही नेहमीच्या बिअरच्या दुप्पट कडक आहे.

त्या निपचित बॅचच्या सहा बाटल्यांत मी नंतर यीस्टचे दाणे टाकून ठेवले होते. सव्विसाव्या वाढदिवसाला वहिनींनी स्वतः एक उघडली. या वेळी आवाज आला.