सीओटू मशीन लावताना नॉबला हात शेवटी

आयटीआय करून फॅब्रिकेशन शॉपमध्ये आलेला पोरगा सीओटू वेल्डिंगच्या मशीनसमोर उभा राहिला की हात आधी व्होल्टेजच्या नॉबकडे जातो. बीड, म्हणजे वेल्डची ओळ, बिघडली की पुन्हा नॉब. खरं दुखणं बहुतेक वेळा वायरच्या वाटेत असतं, म्हणून आधी झाकण उघडा.

वायर ०.८ मिमीची असेल तर ती ढकलणाऱ्या रोलरची खाच ०.८ चीच हवी आणि टॉर्चची, म्हणजे हातातल्या गनची, टिपसुद्धा. रोलरच्या कडेला कोरलेला आकडा वाचा. आधीच्या शिफ्टला कोणी १.२ ची वायर चालवली असेल, तर ते आपणहून सांगायला कोणी येत नाही. लोखंडाच्या भरीव वायरला व्ही आकाराची खाच, ॲल्युमिनियमला यू.

मग रोलरचं प्रेशर. नवा माणूस हमखास जास्त आवळतो. वायर चपटी होते, तिच्यावरचं तांबं खरवडून लायनरमध्ये, म्हणजे केबलमधल्या वायरच्या नळीत, साचतं आणि वायर झटके देत यायला लागते. केबल सरळ ठेवा, वायर लाकडी फळीवर तिरकी टेकवून ट्रिगर दाबा. ती वाकून पुढे सरकत राहिली पाहिजे. टोक अडलंच तर रोलर घसरला पाहिजे, आत गुंता होता कामा नये. ट्रिगर दाबताना वायरमध्ये करंट असतो, म्हणून फळी लाकडाचीच. ट्रिगर सोडल्यावरही रीळ फिरत राहिलं, तर त्याचा ब्रेक थोडा आवळा.

भरीव वायरला टॉर्च प्लसला, अर्थ मायनसला. अर्थचा क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावू नका, तेवढी जागा ग्राइंडरने घासून घ्या.

गॅसचा काटा फसवा असतो. सिलिंडरमध्ये सीओटू द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत प्रेशर जवळपास तेवढंच दिसतं. काटा पडायला लागला म्हणजे गॅस संपत आला. किती उरलाय ते वजनावरूनच कळतं. रेग्युलेटरच्या हीटरची पिन लावायला विसरलात तर सलग कामात रेग्युलेटर गोठतो, गॅस कमी येतो आणि बीडला भोकं पडतात. फ्लो मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतो. आणि उन्हाळ्यात पंख्याचं तोंड जॉबकडे (वेल्ड करायच्या तुकड्याकडे) नको, गॅस उडून जातो, भले घाम येवो.

आता नॉब. ३ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) प्लेटला ०.८ च्या वायरने साधारण १०० अँपिअरपासून सुरुवात करा. व्होल्टेजचा ढोबळ हिशोब: अँपिअरला ०.०५ ने गुणा, त्यात १४ मिळवा. म्हणजे १९. भंगारातल्या तुकड्यावर बीड ओढा, वायर टिपेबाहेर १० ते १२ मिमी ठेवा, आणि कान द्या. सलग, एकसारखी तडतड हवी. वायर प्लेटवर आपटून टॉर्च मागे ढकलत असेल तर वायरचा स्पीड जास्त किंवा व्होल्टेज कमी. वायरच्या टोकाला मोठा गोळा होऊन ती टिपेला चिकटत असेल तर नेमकं उलटं. एका वेळी एकच नॉब फिरवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

जमलेले आकडे मशीनवर खडूने लिहा. दुसऱ्या शिफ्टवाला ते पुसणारच, म्हणून वहीतही लिहा.